मोठ्या पोटाची गिटार

मला खोली द्यायच्या आधी आमच्या घरमालकांनी माझी चौकशी केली, पण माझ्या बँकेत नाही आणि नातेवाइकांकडेही नाही. ते स्कूटर काढून सिडकोत माझ्या आधीच्या घरमालकीणबाईंकडे गेले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वर्षानं काय म्हणता?" बाईंना काही बोध होईना. मग त्यांनी फोड करून सांगितलं, "पहिले दोन महिने भाडेकरू समदेच चांगले असतात. वर्षभर वापरल्यावर पोरगी कशी वाटली, ते सांगा."

हे मला त्या बाईंनीच फोनवर हसत हसत सांगितलं. मी भडकले. वापरल्यावर म्हणजे? मी काय मिक्सर आहे? पण पडेगावात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर गच्ची आणि बँकेत जायला दारातून रिक्षा, अशी जागा दुसरी मिळत नव्हती, म्हणून राग गिळला. बाईंनी माझ्याबद्दल मत दिलं होतं ते असं: पाणी जपून वापरते, दार मात्र धाडकन लावते. त्यावर आमचे मालक थोडा विचार करून म्हणाले होते, "दाराचं चालतंय. पाण्याचं महत्त्वाचं." दाराचं का चालतंय ते मला तिथे राहायला गेल्यावर कळलं. त्यांना दार ऐकूच येत नव्हतं.

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, आणि इतक्या मोठ्या आवाजात की मी बँकेतून घरी आले हे सगळ्या गल्लीला समजायचं.

काकांचं आयुष्य त्या एका प्रश्नावर चाललं होतं. "दुकानदार विकतो, मालक भोगतो," असं ते म्हणत. दुकानदाराला वस्तूबद्दल विचारणं म्हणजे नवरीच्या आईला नवरीबद्दल विचारणं. म्हणून ते मालक शोधत. स्कूटर घ्यायची ठरली तेव्हा क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारी तसलीच गाडी दिसली की विचारायचे, "किती दिवस झाले?" समोरचा "सहा महिने" म्हणाला की "मग राहू द्या" म्हणून तोंड फिरवायचे. कूलर घेताना गल्लीतल्या खिडक्या-खिडक्यांशी उभं राहून त्यांनी मतं गोळा केली होती. अट एकच, मालकानं त्या वस्तूबरोबर एक तरी उन्हाळा काढलेला पाहिजे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्याच डॉक्टरकडे जाऊन आलेल्या दोघांना त्यांनी गाठलं, बॅटरी मारून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि डोळ्यांचे मालक म्हणून त्यांचीही मतं घेतली. ते दोघेही बिचारे डोळे ताणून उभे राहिले होते म्हणे.

कानांसाठी मशीन घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही हेच झालं. काकांनी ओळखीपाळखीतले मशीनवाले शोधले. प्रत्येकाच्या घरी मशीन होतं आणि प्रत्येकाच्या घरी ते कपाटात होतं. "मालकांचं मत स्पष्ट हाय," काका म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला.

वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये गेली. पत्र्यावर मोठाले प्रेस आपटायचे आणि काका तयार माल तपासायचे. कानात घालायला बोंडं मिळत, ती त्यांनी कधी घातली नाहीत. पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, खराब व्हायला लागली की प्रेसचा आवाज बदलतो आणि तो त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा, याचा त्यांना अभिमान होता. बोंडं घातली असती तर कान वाचले असते आणि माल खराब झाला असता. त्यांनी माल वाचवला.

निवृत्त झाल्यावर हिशेब पुढे आला. आधी चिमण्यांचा आवाज गेला, मग कुकरची शिट्टी, मग फोनची घंटी, मग पुण्याच्या नातीचं बोलणं. टँकरची घरघर मात्र ऐकू यायची, ढगांचा गडगडाट यायचा, गल्लीतल्या म्हशीचं हंबरणं यायचं. "मॅडम, वरचे मजले पडले," ते मला सांगत, "पण तळमजला शाबूत हाय." डॉक्टर म्हणाले होते की तळमजलाही जाऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही. ही गोष्ट काकांनी मला गच्चीवर अगदी सहज, पण अर्थातच ओरडून सांगितली, त्यामुळे ती काकूंपासून लपवायची होती हे नंतर सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता.

तरुणपणी छावणीतल्या एका मित्राकडून काका गिटार शिकले होते. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात वाजवायचे. वाजवणं फार ग्रेट नव्हतं, तीन-चार चाली आणि एक लांबलचक रेंगाळणारं काहीतरी, जे त्यांनी स्वतःच जुळवलं होतं. पण निवृत्तीनंतर ती जुनी छोटी गिटार त्यांच्यासाठी मुकी झाली. तारा हलताना दिसायच्या आणि आवाज यायचा नाही. त्यांनी ती गिटार पुण्याला नातीकडे पाठवून दिली.

आणि मग एकदा प्लॉटच्या कागदांसाठी ते जालना रोडवर एका बिल्डरच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथे भिंतीवर एक जंबो गिटार टांगलेली होती. जंबो म्हणजे आकारानं सगळ्यात मोठी. कंबर बारीक आणि पोट एवढं मोठं की मांडीवर घेतली तर माणूस निम्मा झाकून जातो. ही परदेशी होती आणि भारीतली होती. बिल्डर फोनवर बोलत असताना काकांनी ती भिंतीवरून काढली, छातीशी धरली आणि जाड तार छेडली. त्या संध्याकाळी ते जिना चढून माझ्या दाराशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"मॅडम, छातीला ऐकू आलं," ते म्हणाले. "कानाला नाय. हितं." आणि त्यांनी शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं.

दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी दुकानात गेला असता. काका मालक शोधायला लागले. पहिला मालक अर्थात बिल्डर. त्याचं मत असं पडलं, "वाजवायचं काय मला माहीत नाय, इंटीरिअरवाल्यानं लावली. फोटोत लई भारी येते." काकांनी ते मत बाजूला ठेवलं. दुसरे मालक छावणीतले एक म्हातारे संगीताचे सर. त्यांनी तसलीच गिटार चर्चमध्ये कितीतरी वर्षं वाजवली होती आणि शेवटी विकली होती. ते म्हणाले, "आवाज देवाघरचा होता. खांदा माझा होता." खांदा दुखायला लागला म्हणून ती गिटार त्यांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याला विकली होती. तो आता अलिबागला दातांचा डॉक्टर होता, आणि गिटार अजून त्याच्याकडेच होती.

मधल्या काळात मी लॅपटॉपवर जगभरच्या मालकांची मतं काकांना वाचून दाखवत होते. वाचून म्हणजे मराठीत, आणि गच्चीवर उभी राहून ओरडून. कोणी लिहिलं होतं, पियानो मांडीवर घेतल्यासारखं वाटतं. कोणी लिहिलं होतं, सोफ्यावर बसून वाजवता येत नाही, बिनहाताची खुर्ची घ्या. एकानं लिहिलं होतं की आवाज इतका दणदणीत की शेजारी घर बदलून गेले. "आपले शेजारी पडेगावचे हायत, कुठं जात नाय," काका म्हणाले. प्रत्येक मतानंतर त्यांचा प्रश्न ठरलेला, "ह्याला किती वर्षं झाली?" मालक नवा निघाला की पुढचं वाचायचं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना त्या दिवसांत जंबो गिटारीची जेवढी माहिती झाली, तेवढी आमच्या बँकेतल्या कोणाला गृहकर्जाची नव्हती.

अलिबागच्या डॉक्टरशी फोनवर मी बोलले, कारण काकांना फोन ऐकू येत नव्हता. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "आवाजाबद्दल बोलूच नका, तोड नाही. पण ओलावा सांभाळा. ओलावा हा तिचा शत्रू. एका पावसाळ्यात माझ्या गिटारीची घोडी सुटली, तारा जिथे बांधतात ती. आतून बुरशी आली. बुटांच्या खोक्यात त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात ना, ओलावा शोषणाऱ्या, त्या पोटात ठेवा. भरपूर ठेवा." मी ते शब्दन् शब्द ओरडून सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतके पावसाळे काढलेला मालक त्यांना आजवर भेटला नव्हता.

गिटार औरंगपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानामार्फत मागवली. पेटी आली तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार म्हणाला, "साब, ये बाजा नै, पलंग है. इसकू रखेंगे किधर?" रिक्षावाल्यानं पेटीचं एका सीटचं भाडं धरलं आणि त्यावर काका त्याच्याशी अजिबात भांडले नाहीत. पूर्ण रस्ता ते पेटीवर हात ठेवून बसले होते. घरी काकूंनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि मग म्हणाल्या, "माणसं पाण्यावाचून बेजार झालेत आन् तुम्हाला बाजा सुचायला." दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या.

घराचे मालक काका असले तरी पाण्याच्या मालक काकू होत्या. बिडकीनकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. तेव्हा पडेगाव फुगायला नुकतीच सुरुवात झाली होती. आज मोकळं दिसलेलं शेत उद्या चुन्याच्या रेघा मारून प्लॉटिंग व्हायचं आणि परवा तिथे विटांचा ट्रक उभा राहायचा. घरं वाढत होती आणि पाणी आटत होतं. जायकवाडी धरणात किती उरलंय, हे लोक दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची तब्येत विचारावी तसं एकमेकांना विचारायचे. नळ आठवड्यातून एकदा, तोही आला तर. बाकी सगळं टँकरवर, आणि टँकरचं पाणी इतकं खारं की बादलीला पांढरा थर धरायचा. नळाचं गोडं पाणी काकू दोन माठांत भरून ठेवत आणि ते फक्त प्यायला. माठांना त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पाहुण्याला त्या पाऊण पेला देत आणि "अजून लागलं तं मागा" असं म्हणत. ते अशा सुरात की कोणी मागत नसे.

तो हिवाळा छान गेला. काका संध्याकाळी पडवीत बिनहाताच्या खुर्चीवर बसायचे, गिटार छातीशी घ्यायचे, हनुवटी तिच्या वरच्या कडेवर टेकवायचे आणि डोळे मिटून वाजवायचे. हाडातून ऐकायचे ते. त्या तीन-चार चाली आणि ते लांबलचक रेंगाळणारं काहीतरी. मी वर पोळ्या लाटत असायचे आणि तो आवाज खालून जमिनीतून पायाला लागायचा. सुरुवातीला मला वैताग यायचा. मग एखाद्या दिवशी उशीर झाला तर मी वाट बघायला लागले.

डॉक्टरांचं मत काकांनी तंतोतंत पाळलं. औरंगपुऱ्यातली चपलांची दुकानं, ओळखीचं मेडिकल, माझ्या बँकेतल्या मैत्रिणींच्या नव्या पर्सा, जिथून मिळतील तिथून त्या पांढऱ्या पुड्या जमवल्या. काकूंनी बाज्याला कितीही नावं ठेवली तरी जुन्या धोतराच्या थैल्या त्यांनीच शिवून दिल्या. पुड्या थैल्यांत भरल्या, थैल्या गिटारीच्या पोटात आणि पेटीच्या कोपऱ्यांत ठेवल्या. काका दर रविवारी थैल्या काढून कढईत परतून पुन्हा कोरड्या करायचे. आपण आजवर कुठल्याच वस्तूला एवढं जपलं नव्हतं, असं ते म्हणाले आणि ते खरं होतं.

मग उन्हाळा आला. मार्च लागताच काकूंनी कूलर सुरूच करू दिला नाही, त्यावर चादर टाकली. "ह्यो राक्षस दिवसाला दोन घागरी पितो," एवढंच म्हणाल्या. हवा अशी की धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळावं तर तो कडक. ओठ फुटायचे, दारांच्या फळ्या कुरकुरायच्या. आणि खालून येणारा आवाज बदलला. त्यात एक फरफर यायला लागली, पतंगाचा कागद वाऱ्यावर वाजतो तशी. मला वाटलं, काका काही नवीन वाजवून बघतायत. काकूंना वाटलं, बाजा आता जुना झाला, असाच वाजत असेल. शेजाऱ्यांना काय वाटलं ते त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही. फरफर हा वरच्या मजल्याचा आवाज, तो काकांपर्यंत पोचतच नव्हता. त्यांना फक्त एवढं कळत होतं की छातीला येणारं रोज थोडं कमी होतंय.

ते कोणाला काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसायचे, हनुवटी टेकवायचे, थोडं वाजवायचे आणि थांबून वाट बघायचे. पुन्हा वाजवायचे, जोरानं. मग गिटार पेटीत ठेवायचे. बसण्याची वेळ रोज आखूड होत गेली. मला वाटलं, उकाड्यानं बेजार झाले असतील.

एका संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. काका पडवीत बसले होते, गिटार पेटीत होती, पेटी उघडी होती. ते म्हणाले, "मॅडम, छावणीतल्या सरांना फोन लावून द्या. ही गिटार चर्चला देऊन टाकतो." पहिल्यांदाच ते हळू बोलत होते. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. 

"का देताय?" मी ओरडून विचारलं.

"तळमजला गेला," ते म्हणाले. "आता छातीला बी येईना. डॉक्टर म्हणलेच व्हते. ठीक हाय. लई दिवस मिळाले."

काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातात सूप होतं आणि ते तसंच धरलेलं होतं. त्यांच्याकडे बघवेना.

काका म्हणाले, "देताना मालकाचं मत दिलं पायजे. तुम्ही सरांना सांगा. गिटार लई चांगली हाय. दोष मालकाच्या कानात हाय." मग त्यांना वाटलं असावं की असं मत द्यायचं तर एकदा तपासून द्यावं. नोकरीची सवय. त्यांनी गिटार उचलली, मांडीवर घेतली आणि शेवटचं म्हणून वाजवलं.

फर्रर्र असा आवाज झाला. आणि मोठ्या पोटातून जो घुमारा यायला हवा होता, तो आलाच नाही. डबा वाजवावा तसं काहीतरी वाजलं.

"ही तं फरफर करायलीय," काकू म्हणाल्या. आणि त्याच क्षणी आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला दोघींना हे महिनाभर ऐकू येत होतं.

"काका, तुमचे कान नाही गेले," मी घसा फाडून ओरडले. "गिटारच बिघडलीय. आम्हालाही नीट ऐकू येत नाही."

काका हसले. लहान पोर समजूत घालायला आलं की मोठी माणसं हसतात तसं. "मॅडम, तुम्ही भल्या घरच्या हायत," ते म्हणाले. आम्ही त्यांचं मन राखायला बोलतोय असं त्यांना वाटत होतं. बहिऱ्या माणसाला आवाज खराब आहे हे कसं पटवायचं, हे मला तेव्हा कळेना. मी ओरडत होते, काकू हातवारे करत होत्या, समोरच्या गच्चीवर माणसं जमायला लागली होती.

काकू आत गेल्या आणि काकांची कारखान्यातली पोलादी पट्टी घेऊन आल्या. निवृत्तीनंतरही ती पट्टी काका दर दसऱ्याला पुसून पूजेत ठेवायचे. काकूंनी ती त्यांच्या हातात दिली आणि गिटारीच्या पोटावर बोट आपटलं. "माझं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "मोजून बगा."

काकांनी पट्टी गिटारीच्या पोटावर आडवी ठेवली आणि डोळा त्या पातळीवर नेला. चांगल्या गिटारीचं पोट मध्ये किंचित फुगीर असतं, हे त्यांनी गिटार नवी आली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. पट्टी मध्ये टेकायला हवी होती. ती कडांवर टेकली होती आणि मध्ये पट्टीखालून उजेड येत होता. त्यांनी पट्टी उचलली, पुसली, पुन्हा ठेवली. जागा बदलून ठेवली. मग तारा पाहिल्या. त्या मानेवरच्या पट्ट्यांवर जवळजवळ झोपल्या होत्या.  मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा आवाज परत आला, दौलताबादपर्यंत जाईल एवढा.

"मॅडम, माल रिजेक्ट हाय. कान नाय."

मी आयुष्यात कोणाची इतकी महागाची वस्तू बिघडल्यावर त्याला एवढं आनंदानं हसताना पाहिलेलं नाही. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मलाही एकदम सुटल्यासारखं झालं. काकू खाली बसल्या आणि सूप जमिनीवर ठेवलं.

मग कारण शोधणं आलं. काकूंनी गिटारीच्या गोल भोकातून हात घातला आणि एक थैली बाहेर काढली. ती त्यांनी बोटांत चुरडली. "ह्या वाळवायच्या पुड्या, व्हय ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. मग त्या काकांकडे वळून सावकाश, तोंडाची हालचाल दिसेल असं बोलल्या, "लाकूड हाय ते. आमच्या घरी उन्हाळ्यात पीठ मळायची काठवट कोरडी ठेवली तं आई मारायची. तडकते. रोज भाकरी झाल्या की ओलं फडकं टाकून ठेवायचं. तुम्ही तं हिच्या पोटात वाळवण घातलं."

काका थैलीकडे बघत राहिले. अलिबागचा मालक खोटं बोलला नव्हता. त्यानं सगळे पावसाळे अलिबागला काढले होते. मराठवाड्यातला एक उन्हाळाही त्याच्या गिटारीनं सरांकडून गेल्यावर पाहिला नव्हता, आणि सरांकडे असताना तिच्यासमोर दर उन्हाळ्यात कूलर चालायचा. कूलरवाल्यांना लावलेली उन्हाळ्याची अट काकांनी नेमकी इथेच लावली नाही. समुद्राकाठच्या माणसाचं मत त्यांनी दुष्काळात पाळलं होतं.

"मग आता पाणी लागंल," काका म्हणाले आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. नळ येऊन बरेच दिवस झाले होते. एक माठ रिकामा होता, दुसऱ्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते म्हणाले, "टँकरचं चालंल."

"खाऱ्या पाण्यानं लाकूड पांढरं पडतं," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, माठावरची झाकणी काढली, तांब्याभर पाणी घेतलं आणि त्यात स्वच्छ फडकं बुडवलं. पिळून पिळून एक थेंब गळणार नाही असं केलं. माझ्याकडची साबणाची डबी मी आणली, तिला गरम सुईनं भोकं पाडली, फडकं तिच्यात घातलं आणि डबी दोऱ्यानं गिटारीच्या पोटात लोंबती ठेवली. पेटी बंद करून माठाच्या तिवईखाली सरकवली, घरातली तेवढीच जागा गार होती. पिळून निघालेलं पाणी काकूंनी फेकलं नाही. ते पुन्हा तांब्यात घेऊन झाकून ठेवलं, उद्याच्या फडक्यासाठी.

त्यानंतर रोज सकाळी काका पेटी उघडून पट्टी लावायचे आणि मला वर आकडा ओरडून सांगायचे. मला त्या आकड्यांतलं फार कळत नसे, पण आवाजावरून कळायचं. काही दिवस काहीच हललं नाही. मग उजेड बारीक व्हायला लागला. समोरच्या गच्चीवरून चौकशी व्हायला लागली, "पोट आलं का वर?" अनोळखी माणसानं ऐकलं असतं तर भलताच समज झाला असता. शेजारच्या वहिनींनी एकदा अर्धी बाटली गोडं पाणी आणून दिलं, "बाज्यासाठी" म्हणून. माझ्या पिण्याच्या जारमधलं मीही द्यायचे. काकू ते घ्यायच्या आणि आधी चाखून बघायच्या.

पुढे माझी बदली झाली. त्या शहराला आता दुसरं नाव आहे, आमच्या गच्चीवरून दिसणारी शेतं इमारतींनी झाकली आहेत. काकांचे कान नंतर किती टिकले ते विचारलं तर मला फोनवर नेमकं सांगता येणारं कोणी नव्हतं, कारण फोन काकूच घेत आणि त्या मोजकंच बोलत. त्यांच्या मागे तो घुमारा ऐकू यायचा, एवढं मला पुरायचं. पण मला आठवते ती संध्याकाळ, ज्या दिवशी पट्टी मध्ये टेकली.

काकांनी नव्या तारा लावल्या होत्या. खुर्चीत बसले, गिटार घेतली, हनुवटी टेकवली. आणि वाजवेनात. हात तारांवर ठेवून बसून राहिले. तेव्हा मला समजलं की ते घाबरले आहेत. गिटार दुरुस्त झाली होती. आता छातीला काही आलं नसतं, तर दोष टाकायला दुसरं काही उरलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि काकांच्या मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. 

मग काकांनी जाड तार छेडली. मला ती पायातून आली, खिडकीच्या काचेत आली, तिवईवरच्या पेल्यात आली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा तसाच होता, मिटलेला. त्यांनी पुन्हा छेडली. मग दुसरी. आणि मग त्यांच्या गालांची सगळी कातडी सैल झाली, खांदे खाली आले, आणि ते म्हणाले, "आलं."

एवढंच. आणि वाजवायला लागले, ते लांबलचक रेंगाळणारं. कुठेही फरफर नव्हती.

काकू बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग काकांच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात, भाजीला मीठ किती घालायचं ते सांगावं तशा म्हणाल्या, "वाजवा तुम्ही. पाण्याचं मी बघते."

काकांना ते ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं, पण ते वाजवत होते, म्हणून मिटलं.